घोडा कोणाचा?

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवली, ते झाडून सगळे पगारदार होते. शाळेत ऐकवली ती मास्तरांनी, घरी ऐकवली ती पोस्टातल्या काकांनी. कॉलेजात कॉमर्सच्या प्राध्यापकांनी तर ती इतक्या तळमळीने समजावून सांगितली, की तास संपल्यावर ते थेट नांगर धरायलाच जाणार असे वाटले. ते गेले स्टाफरूममध्ये, महागाई भत्त्याच्या निवेदनावर सही करायला. शेतकऱ्याने मात्र ही म्हण मला कधी ऐकवली नाही. बँकेच्या काउंटरवर तो एवढेच म्हणतो, "साहेब, पोराला कुठं चिकटवता आलं तर बघा."

आमच्या भाषेत नोकरी 'लागते'. आंब्याला मोहोर लागावा, दाराला कडी लागावी, तशी लागते. मग माणूस 'चिकटतो' आणि यथावकाश 'कायम' होतो. जगात कायम असे काही नाही असे सर्व संतांनी एकमुखाने सांगितले असले, तरी आस्थापना विभागाचे मत वेगळे आहे. याउलट जो कुठेच चिकटलेला नाही, त्याच्याविषयी लग्नाच्या पंगतीत हलक्या आवाजात सांगतात, "तो ना, स्वतःचं काहीतरी करतो." 'त्याला अधूनमधून फेफरं येतं' हे वाक्य याच सुरात उच्चारतात.

हे सगळे आठवायचे कारण आमचा भाचा. वय एकतीस, हिंजवडीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, नऊ वर्षांची नोकरी, वर्षाला चोवीस लाखांचे पॅकेज. (आमच्या वेळी पगार असे, हल्ली पॅकेज असते. पॅकेज म्हटले की आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, हा शब्दाचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे.) तर या भाच्याला परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विचारले, की नोकरी सोडून आमच्यासाठी कंत्राटी पद्धतीने काम करतोस का? दिवसाला पंधरा हजार रुपये देऊ. भाचा माझ्याकडे आला. बँकेतला कारकून म्हणजे नातेवाइकांच्या लेखी रिझर्व्ह बँकेचा धाकटा गव्हर्नरच असतो.

"मामा, हा प्रश्न एकदम नवीन आहे," तो म्हणाला. "तुमच्या पिढीत असं नव्हतं."

मी म्हटले, "बाळा, हा प्रश्न निदान साडेतीनशे वर्षांचा आहे. तू बारगीर आहेस. तुला शिलेदार व्हायचंय. एवढंच."

नव्या वाचकांसाठी सांगतो. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोड्याचे खाणेपिणे, नालबंदी, आजारपण सगळे सरकारकडे. बारगिराने यायचे, बसायचे, लढायचे आणि पगार घ्यायचा. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे. त्याला मोबदला जास्त, तोरा त्याहून जास्त. पण घोडा मेला तर तो त्याचा मेला. त्या दिवसापासून त्याची स्वाराचा पायदळ व्हायची वेळ. ऐपतीचा शिलेदार आपल्याबरोबर आणखी चार घोडी आणि चार माणसेही आणी, म्हणजे त्याने आपली लहानशी कंपनीच काढलेली असे.

शिवाजी महाराजांचे मत या बाबतीत स्पष्ट होते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीला आपली बखर लिहिली. तीत सांगितले आहे, की महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले, म्हणजे कोणाला पुंडाई करायला सोय उरू नये. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाण्याची आणि नालेची सोय संस्थेने करायची, स्वाराने फक्त लढायचे, हे तत्त्व आजच्या भाषेत 'एम्प्लॉयी वेल्फेअर' होय. आमच्या शाखेत पखालजीच्या जागी पाण्याचे यंत्र आहे. ते गुरुवारपासून बंद आहे.

शिलेदारी इंग्रजांनाही आवडली, कारण ती स्वस्त पडते. त्यांच्या हिंदी घोडदळाचा मोठा भाग 'सिल्लेदार' पद्धतीचा होता. भरती होताना जवानाने घोड्यासाठी रक्कम आणायची किंवा घोडाच आणायचा, आणि पगारातून तो पोसायचा. शांततेच्या काळात सगळे सुरळीत चालले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, घोडे मरायला लागले, आणि इतक्या दूरच्या लढाईत नवा घोडा जवानाने आणायचा तरी कुठून हा प्रश्न उभा राहिला. महायुद्धानंतर ही पद्धत मोडीत काढावी लागली. भाच्याला मी या ठिकाणी थांबवून म्हटले, "लक्षात ठेव. शिलेदारी बुडते ती लढाईत नव्हे, लांबलेल्या लढाईत."

"मामा, पण संगणकाचं काय?" तो म्हणाला. तरुण पिढीला इतिहासात घोडे आले की दम निघत नाही.

संगणकाचेही सांगतो. या धंद्यातली शिलेदारी पुरुषांनी सुरू केली असा समज असेल तर तो सोडा. तिच्या अगदी आरंभीच्या मानकऱ्यांत बायका आहेत, आणि त्याही हौसेने नव्हे, नोकरीची दारे बंद झाली म्हणून. अमेरिकेत एल्सी शट नावाच्या बाई रेथिऑन कंपनीत प्रोग्रॅमर होत्या. मूल व्हायची वेळ आली तशी नोकरी सुटली. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस घरूनच काम घ्यायला सुरुवात केली, आपल्यासारख्याच लेकुरवाळ्या बायका जमवल्या आणि 'कॉम्प्युटेशन्स' ही कंपनी काढली.

त्याहून मोठी गोष्ट इंग्लंडची. स्टेफनी शर्ली ही मुलगी १९३९ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, नाझींच्या तावडीतून सुटलेल्या मुलांच्या आगगाडीने निर्वासित म्हणून इंग्लंडात आली. मोठी झाल्यावर पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात लागली. (पाहा, तिथेही पोस्टच.) हुशारी भरपूर, पण बाई म्हणून वरची पायरी मिळेना. तेव्हा १९६२ साली, सहा पौंड भांडवलावर, जेवणाच्या टेबलावर बसून तिने 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही कंपनी सुरू केली. घरी संगणक नव्हताच. तेव्हाचा संगणक घरात आणायचा म्हणजे घर रिकामे करून बाहेर राहावे लागले असते. बायका घरी कागदावर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहीत, तो टपालाने पाठवीत, मग त्याची भोके पाडलेली कार्डे होत. धंद्याची पत्रे 'स्टेफनी' या सहीने गेली की उत्तर येत नसे. नवऱ्याच्या सूचनेवरून तिने 'स्टीव्ह' अशी सही करायला सुरुवात केली, तशी उत्तरे यायला लागली. गिऱ्हाइकाचा फोन आला की टंकलेखनाच्या खडखडाटाची टेप मागे लावून द्यायची, म्हणजे पलीकडच्याला वाटावे, काय मोठी कचेरी आहे! प्रत्यक्षात मागे रडत असे ते पोर.

या घरबसल्या बायकांनी काय केले? काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानाच्या उड्डाणनोंद पेटीचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या तीनशे कामकऱ्यांत पुरुष अवघे तीन होते. १९७५ साली इंग्लंडात स्त्रीपुरुष भेदभाव बंद करणारा कायदा आला, आणि बायकांच्या भल्यासाठी आलेल्या त्या कायद्याने बाईंना पुरुष घेणे भाग पाडले! पुढे त्यांनी कंपनीची मालकी टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्यांना वाटली, कंपनी शेअर बाजारात गेली आणि सत्तरजण कोट्यधीश झाले. बाई २०२५ साली वारल्या. म्हणजे शिलेदारांनी मिळून स्वतःची पागा उभारली आणि पागेचे मालकही तेच झाले. अशी उदाहरणे इतिहासात थोडी. म्हणूनच ती पुन्हापुन्हा सांगावी लागतात.

थोडी अशासाठी, की बहुतेक वेळा उलटे घडते. माणूस शिलेदार आहे असे कागदावर लिहायचे आणि राबवायचा बारगीर म्हणून, ही युक्ती मालकलोकांना फार लवकर सुचली. मायक्रोसॉफ्ट कंपनीत १९८० च्या दशकात शेकडो 'फ्रीलान्सर' होते. तीच कचेरी, त्याच वेळा, तोच साहेब, शेजारच्या खुर्चीवर तेच काम करणारा कायम माणूस. फरक एवढाच की छातीवरच्या बिल्ल्याचा रंग वेगळा, पगाराऐवजी बिल सादर करायचे आणि कंपनीच्या समारंभाला बोलावणे नाही. ताट तेच, पंगत दुसरी. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने तपासणी केली आणि सांगितले, की ही माणसे तुमची नोकरच आहेत. कंपनीने काहींना नोकरीत घेतले आणि उरलेल्यांना सांगितले, मध्यस्थ एजन्सीमार्फत या. १९९२ साली त्यांतले काही कोर्टात गेले. आमची सही कंत्राटावर असली तरी कंपनीचे शेअर सवलतीत घ्यायचा हक्क आम्हांलाही हवा, असे त्यांचे म्हणणे. खटला आठ वर्षे चालला. २००० च्या डिसेंबरात कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर द्यायचे कबूल करून तो मिटवला.

आता यातून कंत्राटी माणसाचे भले झाले असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले होते. पण कंपन्यांच्या वकिलांनी त्यातून जो धडा घेतला तो असा, की कंत्राटी माणूस नोकरासारखा दिसता कामा नये. तेव्हा नियम झाला : एजन्सीच्या माणसाने बारा महिने काम केले की शंभर दिवस घरी बसायचे. म्हणजे ज्याच्या बाजूने न्याय झाला, त्यालाच शंभर दिवसांची सक्तीची रजा, बिनपगारी. आणि पद्धत तर कुठे थांबली? २०१९ च्या मार्चमध्ये गूगलसाठी राबणारे तात्पुरते आणि कंत्राटी लोक सुमारे १ लाख २१ हजार होते आणि कायम नोकर १ लाख २ हजार, असे न्यूयॉर्क टाइम्सने छापले. बिनपागेचे जास्त, पागेतले कमी.

सरकारला या सगळ्यात रस एकाच कारणाने असतो. पगारातून कर आधीच कापता येतो, शिलेदाराच्या मागे मात्र धावावे लागते. अमेरिकेने १९८६ च्या करसुधारणेत १७०६ क्रमांकाचे एक कलम घातले. इतर कंत्राटी व्यावसायिकांना जे संरक्षण होते ते मध्यस्थामार्फत काम करणाऱ्या अभियंते, आराखडे काढणारे आणि संगणकवाल्यांपुरते काढून घेतले. असंख्य प्रोग्रॅमर त्यामुळे मुकाट्याने एजन्सीच्या पगारपत्रकावर गेले. इंग्लंडात त्याहून गंमत. तिथे लोक शुक्रवारी राजीनामा देत आणि सोमवारी स्वतःच्या एकखांबी कंपनीचे संचालक म्हणून त्याच खुर्चीवर येऊन बसत. शनिवार-रविवारात एवढी प्रगती आमच्याकडे फक्त आमदारांची होते. १९९९ च्या मार्चमध्ये तिथल्या करखात्याने ३५ क्रमांकाचे पत्रक काढून हे बंद करायचे ठरवले. २००० पासून आलेला तो नियम म्हणून 'आय.आर. ३५' याच नावाने ओळखला जातो. त्यात एक कसोटी मोठी मजेची आहे : तुमच्या जागी तुम्ही दुसरा माणूस पाठवू शकता का? पाठवू शकत असाल तर तुम्ही स्वतंत्र धंदेवाईक, नाहीतर नोकर. ही कसोटी मी आमच्या शाखेला लावून पाहिली. माझ्या जागी दुसरा कोणी आला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणजे इंग्लंडच्या कायद्याने मी उद्योजक ठरण्याची दाट शक्यता आहे.

आणि आपण भारतीय? आपण तिसराच मार्ग काढला. १९६८ साली मुंबईत टाटांनी टी.सी.एस. काढली, १९७४ पासून बरोज कंपनीच्या संगणकांच्या निमित्ताने परदेशी कामे सुरू झाली, आणि हळूहळू असा धंदा उभा राहिला, की बारगीर आपल्या पागेचा, पण लढायला दुसऱ्याच्या रणांगणावर भाड्याने. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा काढला. सुरुवातीला वर्षाला ६५ हजार, २००० साल उजाडताना सगळ्या संगणकांची दोन आकडी वर्षे चुकणार म्हणून धावपळ उडाली तेव्हा १ लाख १५ हजार आणि २००१ ते २००३ या काळात १ लाख ९५ हजार. काम नसलेल्या स्वाराला पागेत बसवून ठेवायचे, त्याला 'बेंचवर असणे' म्हणतात. आमच्या लहानपणी बाकावर उभे करीत. हे बसवतात, एवढी सुधारणा झाली.

पुण्याचे नाव यायलाच हवे. १९८१ साली सात जणांनी मिळून इथे इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार, तेही नारायण मूर्तींना त्यांच्या पत्नीने, सुधाताईंनी, साठवणीतून काढून दिलेले. नोकऱ्या सोडून स्वतःचे काहीतरी करणाऱ्यांची ही महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध कथा. त्यातला बोध असा, की त्या सातजणांनी नोकरी सोडली म्हणून आज तीन लाखांवर माणसांना नोकरी आहे. आणि पोटबोध असा, की स्वतःचे काहीतरी करायला निघालेल्या माणसाच्या घरी कोणाचा तरी डबा तांदळाखाली लपवलेला असावा लागतो.

इथवर सांगून झाले आणि भाच्याच्या घरी बैठक भरली. ताई, भावजी, सूनबाई आणि खुर्चीवर मी. बँकवाला म्हणून हिशेब माझ्याकडे.

भाच्याचा हिशेब तयारच होता : पंधरा हजार गुणिले तीनशे पासष्ट, बरोबर चोपन्न लाख पंचाहत्तर हजार. तरुण माणूस वर्षाचे सगळे दिवस मोजतो. मी कागद ओढला. तीनशे पासष्टांतून शनिवार-रविवार एकशे चार वजा, राहिले दोनशे एकसष्ट. सणवार दहा, राहिले दोनशे एक्कावन्न. ताप, खोकला, चुलत बहिणीचे लग्न मिळून सोळा, राहिले दोनशे पस्तीस. दोन कामांच्या मधला रिकामा काळ दोन महिने धरू, कामाचे चाळीस दिवस. राहिले एकशे पंच्याण्णव. गुणिले पंधरा हजार, एकोणतीस लाख पंचवीस हजार. आता कंपनी आईवडिलांसकट सगळ्यांचा दवाखान्याचा विमा भरत होती, तो स्वतः भरायचा, धरा पाऊण लाख. संगणक, इन्व्हर्टर, सी.ए.ची फी, धरा लाख. उरले साडेसत्तावीस. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा आणि ग्रॅच्युइटी चोवीसच्या पॅकेजात होती, ती आता त्याची त्याने बाजूला टाकायची. म्हणजे चोपन्न आणि चोवीस यांच्यात तीस लाखांचा वाटणारा फरक साडेतीनवर आला.

"आणि टॅक्स?" सूनबाई म्हणाली. तीही नोकरी करते, त्यामुळे प्रश्न नेमका. मी कबूल केले, की तिथे शिलेदाराची चैन आहे. २०१६ च्या अर्थसंकल्पाने लहान व्यावसायिकांना सोय दिली, की ठरावीक मर्यादेपर्यंत एकूण जमेच्या निम्मे उत्पन्न धरून कर भरा. वीस लाखांवर उलाढाल गेली की जी.एस.टी.ची नोंदणी आणि कागद आले, पण करात बऱ्यापैकी वाचते. सगळे धरून फरक पाच लाखांच्या आसपास.

"म्हणजे महिन्याला चाळीस हजार," मी म्हटले. "हे तुझ्या कामाचे नाहीत. काम तेच आहे. हे काळजीचे भाडे आहे. रोज रात्री काळजी करायला महिना चाळीस हजार पुरतात का, एवढंच तू ठरव."

"आणि घराचं कर्ज?" पुन्हा सूनबाई.

इथे मला बँकेची बाजू सांगणे भाग होते. महिना लाख मिळवणारा पगारदार कर्जाला आला तर आम्ही त्याला खुर्ची देतो, चहा सांगतो आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतो. महिना तीन लाख मिळवणारा स्वतंत्र माणूस आला तर त्याला तीन वर्षांची विवरणपत्रे मागतो आणि चहा त्याने बाहेर प्यावा अशी अपेक्षा असते. तो कमी लायक आहे म्हणून नव्हे. फॉर्मवर 'मालकाचे नाव' असा रकाना असतो आणि त्यात स्वतःचे नाव लिहिणाऱ्या माणसाकडे आम्ही संशयाने पाहतो.

इतका वेळ ताई बोलली नव्हती. ती म्हणाली, "मला हिशेब नको. मी सात वर्षं ब्रेक बघितलेत."

ही गोष्ट घरात कोणी काढत नाही. भावजी तरुणपणी भोसरीकडच्या एका कारखान्यात होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला छाटणीच्या वेळी नोटीस आणि भरपाईचे संरक्षण होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोनशे चाळीस भरायच्या आत कामगाराला 'ब्रेक' देत. नाव रजिस्टरातून काढायचे, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा नवा म्हणून घ्यायचे. मुंबईच्या गिरण्यांतले बदली कामगार सकाळी फाटकाशी उभे राहत, कोणी खाड्यावर असेल तर आत, नसेल तर घरी. तीच जात. भावजी सात वर्षे दर खेपेला 'नवे' होत राहिले. ब्रेकच्या महिन्यांत ताई शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ब्लाउज शिवायची आणि भाच्याला सांगायची, बाबांना सुट्टी आहे. मायक्रोसॉफ्टच्या त्या शंभर दिवसांबद्दल मी वाचले तेव्हा मला सिएटल आठवले नाही, ताईचे मशीन आठवले.

"तुझे दिवसाला पंधरा हजार असतील रे," ती भाच्याला म्हणाली, "पण ब्रेक तो ब्रेकच."

कोणी काही बोलेना. मग भावजींनी चष्मा काढून पुसला. ते सहसा घरच्या बैठकीत मत देत नाहीत. ते म्हणाले, "मला ब्रेक ते द्यायचे. हा स्वतः घेणार आहे. फरक आहे."

माझ्या सबंध इतिहासात नव्हते ते या माणसाने चार शब्दांत सांगितले. शर्लीबाईंच्या घरची माणसे आणि मायक्रोसॉफ्टची बिल्लेवाली माणसे, कागदावर दोन्ही 'फ्रीलान्स'. पण एकीकडे काम कधी, किती आणि कुठे बसून करायचे हे करणारी ठरवीत होती. दुसरीकडे ते साहेब ठरवीत होता आणि करणाऱ्याच्या नावावर फक्त तोटा होता. घोडा स्वतःचा असला म्हणून शिलेदार होत नाही. लगाम कोणाच्या हातात, हेही विचारावे लागते.

भाच्याने त्या दिवशी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. आधी वर्षभराचा घरखर्च मुदत ठेवीत टाकला. (व्याजदराचा बोर्ड मीच दाखवला. ठेवींचे उद्दिष्ट आम्हांलाही असते.) दवाखान्याचा विमा स्वतःच्या नावावर घेतला, घराचा विचार पुढे ढकलला आणि एक गिऱ्हाईक बुडाले तर दुसरे असावे म्हणून आणखी एकाशी बोलणी केली. मग राजीनामा दिला. आता दीड वर्ष झाले. मध्ये एकदा अडीच महिने रिकामा होता. त्या काळात त्याने एक नवीन विद्या शिकून घेतली आणि मला सतरा वेळा फोन केला. ताई अजून शेजारणींना सांगते, "कंपनीतच आहे." कंपनी कोणाची, ते सांगत नाही.

आता पागेतल्यांविषयीही दोन शब्द, नाहीतर मी आपल्याच जातीशी बेइमान ठरेन. नोकरी सुरक्षित असते या समजाला अलीकडे बरेच तडे गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार माणसे कमी केली, २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार. सकाळी उठून ईमेल उघडत नाही, म्हणजे आपण नोकरीत नाही, असे काहींना कळले. २०२५ च्या जुलैत टी.सी.एस.ने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्या घरांत 'टाटांकडे आहे' हे वाक्य जावयाच्या पत्रिकेत गुरूच्या जागी वाचले जात असे, तिथेही चहा गार झाला. पागेचा घोडा पागेचा असतो. खाली उतर म्हटले की उतरावे लागते, आणि नऊ वर्षे आयत्या घोड्यावर बसलेल्याला आपल्याला घोडा धरता येतो की नाही हेच आठवत नाही.

कारण संगणकाच्या धंद्यात घोडा म्हणजे संगणक नव्हे. तो कोणीही घेतो. घोडा म्हणजे येणारी विद्या. आणि या घोड्याचे वय भराभर वाढते. आज शर्यतीत पहिला, पाच वर्षांनी टांग्याला. क्वचित नशीब असे, की कोबोल नावाचे म्हातारे घोडे १९९९ साली पुन्हा सोन्याच्या भावाने विकले गेले, कारण दोन हजार सालची खिंड ओलांडायला वाट त्यालाच ठाऊक होती. पण त्या भरवशावर कोणी राहू नये. नोकरीत आपली कंपनी या घोड्याला वैरण घालते, किंवा घालते असे वार्षिक अहवालात छापते. शिलेदाराला ती रात्री जागून स्वतःच घालावी लागते, आणि त्या तासांचे बिल कोणालाही पाठवता येत नाही. तेव्हा नोकरी की कंत्राट असे कोणी विचारले तर मी आता एवढेच विचारतो : लगाम कोणाकडे, वैरण कोणाकडे आणि लढाई लांबली तर किती दिवस पुरेल?

स्वतः मी बारगीरच. कायम, जुना, पागेतला. अलीकडे आमच्या पागेतही नवा घोडा येणार अशी कुजबुज आहे. तो म्हणे पत्रांना आपोआप उत्तरे देतो, हिशेब जुळवतो, रजा मागत नाही आणि चहा पीत नाही. संघटनेने याला तीव्र विरोध करायचे ठरवले आहे. निषेधाचे पत्रक मराठीत लिहायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून ते त्याच घोड्याकडून लिहून घेतले. पत्रक चांगले उतरले आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, त्यावरून व्यवस्थापनाला लगेच संशय आला.